चीनमधली परंपरा बघायची तर टूर कंपनी नकोच!

सह्यवेडा
ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट विमानं पुन्हा सुरू झाल्यापासून ओळखीपाळखीतले बरेच जण चीनला निघालेत आणि जो तो टूरचं ब्रोशर नाचवतोय. बीजिंग, शिआन, शांघाय, रोज रात्री भारतीय जेवण. भिंत बघायची, मातीचे सैनिक बघायचे, रेशमाच्या दुकानात तासभर कोंडून घ्यायचं, झाला चीन. जरूर जा, पण त्याला 'चिनी संस्कृती अनुभवली' म्हणू नका राव.

माझं मत: एकटे जा, एकच मध्यम शहर धरा आणि तिथेच मुक्काम ठोका. मी फूजिआन प्रांतातलं छ्वेनचौ सुचवेन. शियामेनहून फास्ट ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास. सोंग-युआन राजवटींच्या काळात (दहावं ते चौदावं शतक) हे जगातल्या बड्या बंदरांपैकी एक होतं, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. १००९ साली बांधलेली मशीद आणि क्वान यूचं (देव मानला गेलेला जुना सेनापती) देऊळ एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर.

त्या देवळात नुसतं कोपऱ्यात उभं राहा. एखादी बाई गुडघे टेकून बसते. ओंजळीत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. नाव, पत्ता, अडचण असं सगळं देवाच्या कानावर घालते आणि तुकडे जमिनीवर टाकते. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नाही. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसतोय, प्रश्न नीट विचार! की पुन्हा टाकायचे. कोकणात देवाला कौल लावताना ज्याने पाहिलंय त्याला चिनीचं एक अक्षर न येताही यातलं बरंच उमगतं. कुठला टूर मॅनेजर तुम्हाला तिथे अर्धा तास उभं राहू देईल?

शांघायकर
असहमत. कामानिमित्त बरीच वर्षं इकडे आहे, म्हणून चार शब्द जास्तीचे.

तुम्ही तुकडे पडताना पाहिलेत, छान. ती बाई विचारत काय होती? पोराची परीक्षा, नवऱ्याचं दुकान, की सासूचं आजारपण? ते कळलं नाही तर तुम्ही पाहिली ती नुसती कवायत. इथली खरी परंपरा दाराआड असते. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगला कुटुंबं पूर्वजांची थडगी साफ करायला जातात, कागदी नोटा जाळतात. नववर्षाच्या आदल्या रात्री तीन पिढ्या एका टेबलाभोवती जेवायला बसतात. एकट्या टुरिस्टाला तिथे कोण बोलावणार? उलट नववर्षाच्या आठवड्यात आलात तर छोट्या शहरांत कितीतरी दुकानं बंद आणि रेल्वेच्या तिकिटासाठी मारामारी.

सूचौला फिंगथान ऐकायला मी पहिल्यांदा गेलो तो एका स्थानिक सहकाऱ्याबरोबर. एक जण तीनतारी सानश्येन घेऊन, एक बाई फीपा (चार तारांचं वाद्य) घेऊन, चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे गोष्ट रंगवतायत, मध्येच गातायत. सगळं सूचौच्या बोलीत. लोक खो खो हसत होते. सहकारी कानाशी लागून सांगत होता म्हणून मीही हसलो, नाहीतर कपातली पानं मोजत बसलो असतो. तेव्हा टूर नको तर नको, पण गाईड घ्या. दोन दिवस का होईना.

खवचट
दोघांचंही चुकतंय. परंपरा उरलीय कुठे? १९६६ मध्ये रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांनी, छूफूला (कन्फ्यूशियसच्या गावी) जाऊन खुद्द कन्फ्यूशियसच्या देवळात तोडफोड केली. वूहानचा 'प्राचीन' यलो क्रेन टॉवर १९८५ चा, काँक्रीटचा, मूळ जागेपासून लांब, आणि आत लिफ्ट. लिफ्ट! ताथोंग शहराची तटबंदी तर परवापरवा नव्याने उभी केलीय. तिकीट काढा, सेल्फी काढा, घरी या.

एकट्याने फिरलात की संस्कृती आपणहून भेटायला येते म्हणा. बीजिंग-शांघायमध्ये गोड इंग्रजी बोलणारी पोरं 'चला, पारंपरिक चहा दाखवतो' म्हणून घेऊन जातात. बिल बघितल्यावर परंपरेची खोली कळते.

सह्यवेडा
@खवचट, चहाबद्दल +१, त्या पोरांपासून सगळ्यांनीच लांब राहा. टॉवरचं मात्र पटलं नाही. लाकडी मनोरा जळायचा, पुन्हा बांधायचा हे तिथे शतकानुशतकं चाललंय. शेवटचा १८८४ मध्ये जळाला. जुन्या जागेवर १९५७ चा यांगत्सेवरचा पूल आला म्हणून नवा सरकवला. त्याच लिफ्टने वर जाऊन पोरं शाळेत पाठ केलेली, याच मनोऱ्यावरची थांग काळातली (सातवं ते दहावं शतक) कविता घडाघडा म्हणतात. ती तर काँक्रीटची नाही ना?

@शांघायकर, त्या बाईची अडचण मला कळायलाच हवी का? ती तिची आणि देवाची बाब. आणि गाईड आला की तो बोट दाखवेल तेवढंच दिसतं. खाइयुआन मंदिरात (स्थापना ६८६) गटच्या गट दोन दगडी मनोऱ्यांखाली फोटो काढून पसार होतात. मुख्य दालनाच्या मागच्या बाजूला दोन खांब आहेत, तिकडे कुणी फिरकत नाही. त्यांवर कृष्ण आहे, नरसिंह आहे! छ्वेनचौमध्ये तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं शिवमंदिर होतं, १२८१ चा तमिळ शिलालेख सापडलाय. पुढे हिंदू मंदिराचे खांब या बौद्ध मंदिराच्या दुरुस्तीत वापरले गेले. त्या खांबांपाशी रेंगाळायला वेळ हवा, माणूस नको.

शांघायकर
आणि ते खांब तिथे आहेत हे तुम्हाला स्वप्नात दिसलं का? कुणीतरी सांगितलं किंवा लिहिलं म्हणूनच ना?

चिंगी
मी एकटीच गेले होते. मुलगी म्हणून भीती अजिबात वाटली नाही, रात्री उशिरा चौकात आज्या नाचत होत्या. पण सह्यवेडा, तुमच्याच छ्वेनचौच्या कडेला श्युनफू नावाचं कोळ्यांचं गाव आहे, त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. का, तर तिथे गर्दी असते? चीनभरातून मुली येतात, फुलांचा साज चढवून घेतात, फोटो काढतात. भाड्याचे कपडे, मेकअप, रांगा. तुमच्या हिशेबाने ते टाकाऊ असणार.

मीही बसले. एका काकूंनी केस ओढून मागे अंबाडा घातला, त्यात चॉपस्टिकसारखी काडी आडवी खुपसली आणि भोवती गजऱ्यांची एकात एक कडी चढवत गेल्या. मान हलली की चापट. काकूंच्या स्वतःच्या डोक्यावरही तोच थाट, पायात रबरी चपला. बाजूच्या घराच्या भिंतीत कालवांचे मोठाले शिंपले विटांसारखे बसवलेले, दुसऱ्या काकू दारात कालवं फोडत होत्या. मी पैसे मोजले, मला त्यात खोटं काही दिसलं नाही. पैसे दिले की संस्कृती बाटते, हे एकट्याने फिरणाऱ्यांच्या डोक्यात कुठून येतं?

खवचट
रील्स येण्याआधी काकूंकडे किती गिऱ्हाईकं होती, तेही विचारायचंत.

चिंगी
गिऱ्हाईकं वाढली रील्समुळे, मान्य. पण तिथल्या बायकांच्या या वेशभूषेची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद २००८ सालची आहे. तेव्हा कुठल्या रील्स हो?

नलूमावशी
वाद छान चाललाय, पण खायचं काय ते कुणीच सांगत नाही. मी शाकाहारी, अंडंही चालत नाही. वय बासष्ट.

शांघायकर
मावशी, बौद्ध मंदिरांची भोजनालयं शोधा. शियामेनच्या नानफूथुओ मंदिराचं नावाजलेलं आहे. कांदा-लसूणसुद्धा नसतो. बाहेर मात्र साधी पालेभाजीही डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, तेव्हा 'मी शाकाहारी आहे, मांस, अंडी, चरबी चालत नाही' असं चिनीत लिहून घेऊन मोबाइलवर ठेवा. अलीपेला (मोबाइलवरून पैसे द्यायचं ॲप) कार्ड भारतातूनच जोडून निघा. व्हॉट्सॲप इकडच्या वायफायवर चालत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं.

आणि ही सगळी उस्तवार टूरवाला करून देतो, म्हणून कुणी टूर घेतली तर नाक मुरडू नये, एवढंच माझं म्हणणं.

सह्यवेडा
मावशींनी खुशाल टूर घ्यावी. माझा राग पस्तिशीतल्या, दोन-दोन भाषांतर ॲप खिशात असलेल्या लोकांवर आहे. भाषेचंच म्हणाल तर छ्वेनचौत नानयिन हे तिथलं जुनं संगीत ऐका. फीपा आडवी धरतात, बांबूची बासरी, गाणारीच्या हातात लाकडी चिपळ्या. २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि चिनी असले तरी बाहेरगावच्यांना त्यातले शब्द कळत नाहीत, कारण ते तिथल्या जुन्या बोलीत. तरी बसतातच ना ऐकत?

शांघायकर
बसतात, आणि दहा मिनिटांत मोबाइल काढतात. असं करा, सूचौला या. पहिल्या दिवशी फिंगथानला एकटे बसा, दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसून सांगतो. मग इथे येऊन लिहा.

सह्यवेडा
चालेल. फक्त ऑक्टोबरचा पहिला आठवडा नको, अख्खा देश सुट्टीवर असतो. चहाचे पैसे तुमचे.