फायनल फँटसी ६ लढाया बंद करून खेळायचा?

रात्रपाळी
परवा इथे एकाने या जपानी व्हिडिओ गेमबद्दल लिहिलं: 'सहावा आज खेळायचा तर पिक्सेल रिमास्टर ही नवी आवृत्ती घ्या, वाटेतल्या लढाया बंद करा, एक्सपी (लढायांतून मिळणारे अनुभवाचे गुण) चौपट करा, फक्त गोष्ट बघा. बाकी सगळा १९९४चा वेळकाढूपणा.' दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये. गोष्ट आणि लढाई वेगळी काढता येते हे ठरवलं कुणी? खलनायक केफ्काने जगाची वाट लावल्यावर वर्षभराने सेलिस, आपल्या गटातली एक लढवय्यी, त्या निर्जन बेटावर जागी होते. जरा फिरा बेटावर. शत्रू समोर येतात आणि आपण हात लावायच्या आत झिजून मरतात. एक अक्षर संवाद नाही, तरी कळतं की इथे काहीच जगणार नाहीये. लढाया बंद केल्यात तर हे दिसणारच नाही.

चौपट_एक्सपी
तो मीच. बेटाचं उदाहरण चांगलंय, दिलं तुम्हाला. एक बेट. उरलेल्या तीसेक तासांचं काय? मूळ कॅसेटमध्ये तर वार चुकवण्याचा आकडा चालतच नाही, साधा वारसुद्धा जादू चुकवण्याच्या आकड्यावर ठरतो. एवढा ढळढळीत बग, आणि त्या लढायांची पूजा? मला दोन लहान मुलं आहेत, रात्री साडेदहानंतर तासभर मिळतो. आणि त्याच बेटावर सेलिसची काळजी घेणाऱ्या म्हाताऱ्या सिडला, तो आजारी पडल्यावर, कुठला मासा द्यायचा हे कोण सांगतं? मिळेल तो दिला, म्हातारा गेला.

सुरमई
सांगायला कशाला हवं? चपळ पोहतो तो चांगला, रेंगाळतो तो वाईट. आमच्याकडे शेंबडं पोरही कल्ले बघितल्याशिवाय मासा घेत नाही.

चौपट_एक्सपी
मी अकोल्याचा, घरात अंडंही येत नाही. जपानी गेम खेळायला आधी मालवणात जन्म घ्यायचा का?

सुरमई
जन्म नको, डोळे उघडे ठेवा. दोन मिनिटं पाण्याकडे बघितलं असतं तर दिसलं असतं. तुम्हाला तेवढाही दम नाही, हेच तर धागाकर्ता म्हणतोय.

टीना_च_खरी
मासे राहू द्या. मूळ जपानीत नायिका टीना आहे, ती 'टेरा' केली इंग्रजीत, अनुवादक वूल्झीने. त्यावर कुणी बोलत नाही.

हॉस्टेल_बी२०४
२००६, झेडस्नेस (जुने कॅसेटवाले गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम), मित्राचा कॉम्प्युटर. बाबांची केमो चालू होती. आईचा फोन यायचा, 'आज दोन घास जेवले.' सिडला मासा नेऊन द्यायचा आणि तो काय बोलतो ते ऐकायचं, अगदी तसंच. माझ्याही हातून तो गेला. सेव्ह स्टेट, म्हणजे आधीचा क्षण साठवलेला होता, एक बटण दाबलं की परत आला असता. नाही दाबलं. सेलिस जीव द्यायला कड्यावर चढली तेव्हा खोलीतले सगळे गप्प होते. मासा कुठला ते गेमने सांगितलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं. डॉक्टरही कुठे सांगत होते?

चौपट_एक्सपी
यावर वाद घालणार नाही. बेटावर लढाया चालू ठेवीन, मासेही बघून देईन. पण वेल्ड्टच्या माळरानावर बंदच. गाऊ या रानटी पोरासाठी तिथे आठवडा घालवलाय मी.

रात्रपाळी
वेल्ड्टवर बंद केल्यात तर शत्रूंचे डाव शिकायला त्यांच्यात उडी मारून गेलेला गाऊ परत कसा येणार? तो तिथल्या लढाईतच परत येतो.

चौपट_एक्सपी
बरं. गाऊपुरत्या चालू. त्यापुढे एक लढाईही नाही.