प्रतिसाद: छापील अंक की मोबाइल?

रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी समलिंगी आणि ट्रान्स वाचकांचा छापील अंक काढायची कल्पना एकाने मांडली आहे, त्यावर हा प्रतिसाद. ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी लोकांसाठीचं नियतकालिक १९९० साली निघालं तेव्हा ‘आपल्यासारखं आणखी कुणी आहे का’ हेच आधी कळायला हवं होतं. आता ते मोबाइलवर कळतं. स्थानिक अंकाने जवळची, खात्रीची माहिती द्यावी: कुठला डॉक्टर टोमणे न मारता तपासतो, तृतीयपंथी ओळखपत्राचा अर्ज कुठे अडतो.

छापील नियतकालिक २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने नोंदवावं लागतं, प्रकाशकाचं नावही उघड होतं. त्यापेक्षा व्हॉट्सॲप चॅनेल बरं, त्यात वाचकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ग्रुप नकोच, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. अंकाची पीडीएफ १-२ एमबीचीच ठेवा, पावसाळ्यात रेंजचे हाल असतात.

खरी चूक मजकुरात होते. कुणाचा अनुभव छापताना नाव बदललं, पण ‘गुहागरजवळची वाडी, ट्रॉलरवर काम, गणपतीत लग्नावरून भांडण’ एवढं छापलं की अख्खी वाडी ओळखते. तिन्हींतले दोन तपशील काढा किंवा बदला, आणि तसं वाचकाला सांगा. फोटोत मागे देवळाचा कळस, बोटीचा नंबर नको. छापण्याआधी मजकूर त्या माणसालाच वाचून दाखवा. फोनवर, तो घराबाहेर असताना.