शब्दचर्चा : कामाच्या संदर्भात ‘स्वायत्तता’ की ‘स्वखुशी’?

प्रश्न : एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतात, म्हणजे माणसाला कामाची प्रेरणा कुठून मिळते हे सांगणाऱ्या सिद्धांतात, माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत. मराठी मजकुरात त्या बहुधा ‘स्वायत्तता, सक्षमता आणि संबंधितता’ अशा येतात. कर्मचाऱ्यांसाठी प्रश्नावली तयार करताना हेच शब्द ठेवावेत का?

उत्तर : तिसरा शब्द तर मुळीच ठेवू नये. ‘संबंधित’ म्हटले की डोळ्यांसमोर ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असे परिपत्रक उभे राहते. आपण या माणसांतले आहोत आणि त्यांना आपली कदर आहे, ही भावना त्यातून उमटत नाही. ‘आपुलकी’ जवळची असली तरी ती एकाला दुसऱ्याविषयी वाटते, म्हणून दोन्ही बाजू सामावणारा ‘आपलेपणा’ मला अधिक योग्य वाटतो. ‘सक्षमता’ चालेल, मात्र प्रश्न विचारताना ‘हे काम मला चांगले जमते’ असेच म्हणावे.

खरी अडचण ‘स्वायत्तता’ या शब्दाची आहे. ‘आयत्त’ म्हणजे अधीन, तेव्हा जो केवळ स्वतःच्या अधीन तो स्वायत्त. म्हणूनच मराठीत हे विशेषण महाविद्यालये, मंडळे आणि परिषदा यांना शोभते. डेसी-रायन यांना मात्र कोणावरही अवलंबून नसणे अभिप्रेत नाही. वरिष्ठांनी सांगितलेले काम पटल्यामुळे मनापासून करणाऱ्याची ही गरज भागलेली असते, तर एकट्याने काम करूनही दडपणाखाली असलेल्याची ती भागत नाही. ‘मुभा’ हा शब्दही उपयोगाचा नाही, कारण मुभा देणारा कोणीतरी वर बसलेला असतो. (‘स्वेच्छा’ सुचवावा, तर आपल्या कचेऱ्यांत तो ‘निवृत्ती’ला कायमचा चिकटला आहे.)

माझी पसंती ‘स्वखुशी’ला आहे. खरेदीखतात किंवा मृत्युपत्रात ‘स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे लिहितात, तेव्हा कृतीला कर्त्याची आतून संमती आहे एवढेच सांगायचे असते, आणि सिद्धांताचा रोखही तोच आहे. डेसी यांच्या 1971 च्या प्रयोगात कोडी सोडवण्याबद्दल पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले; स्वखुशीचे काम मोबदल्याचे झाले, असे त्याचे वर्णन मराठीत सहज करता येते.

जाता जाता, मानसशास्त्रज्ञ मास्लो यांनी 1943 मध्ये माणसाच्या गरजा एकीवर एक अशा क्रमाने मांडल्या; त्या मांडणीसाठी ‘गरजांची उतरंड’ हा शब्द सुरेख आहे, पण तो इथे आणू नये, कारण या तीन गरजा मडक्यांसारख्या एकीवर एक रचलेल्या नाहीत.

प्रतिप्रश्न : ‘स्वखुशी’ फारच घरगुती वाटत नाही का? शिवाय त्यापासून विशेषण कसे करणार?

उत्तर : शोधनिबंधात ‘स्वायत्त प्रेरणा’ खुशाल लिहावे. प्रश्नावलीत मात्र नामाच्या मागे न लागता क्रियापदाकडे वळावे, कारण ‘करावे लागते’ आणि ‘करावेसे वाटते’ यांतील अंतर पाट्या टाकणाऱ्यालाही न शिकवता कळते. फक्त ‘करायला हवे’ हे रूप जपून वापरावे : न केल्यास अपराधी वाटेल म्हणून करणारा आणि कामाचे महत्त्व पटले म्हणून करणारा, दोघेही तेच म्हणतात, आणि सिद्धांताच्या दृष्टीने हे दोघे सारखे नाहीत. तिथे ‘का करायला हवे?’ हा जोडप्रश्न घालावाच लागेल.