सहकुटुंब परदेशात नोकरी: हिशोब कसा मांडलात? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत १४ वर्षं डिझाइनला आहे, आता जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आलीय. बायको शाळेत पर्मनंट, मुलगी सहावीत, धाकटा ३ वर्षांचा, आईबाबा पंचवटीत. युरोचे रुपये करून सगळे म्हणतात डोळे झाकून जा. गुणाकार सगळेच करतात हो, वजाबाकी कोणी सांगत नाही. गेलेले, जाऊन परत आलेले, जायचं रद्द केलेले, सगळ्यांनी लिहा प्लीज.

गंगापूररोडकर, सध्या जर्मनी
आधी हातात किती येणार ते बघ, ऑफर लेटरवरचा आकडा विसर. टॅक्स, पेन्शन, इन्शुरन्स सगळं कापून जातं. चांगली बाजू म्हणजे सरकारी हेल्थ इन्शुरन्स असेल तर न कमावणारी बायको आणि मुलं त्यातच फुकट, शाळेला फी नाही, शिवाय मुलामागे पैसे मिळतात, २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो होते. पण घराचं डिपॉझिट ३ महिन्यांच्या भाड्यापर्यंत आणि घर ताब्यात घेतलं तर स्वयंपाकघरच नाही!! भिंतीतून आलेले पाईप फक्त. ओटा, सिंक, शेगडी सगळं आपलं आपण बसवायचं, आम्ही पहिले दीड महिने बाथरूममध्ये भांडी घासली आणि आईला व्हिडिओ कॉलवर फक्त हॉल दाखवायचो. मुलीचं मात्र नीट बघ, इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच अभ्यासातल्या प्रगतीनुसार मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात, सहावीतली पोरगी मधेच येणार ती पण भाषा नसताना. माझी वर्षभर गप्प होती. मराठीतसुद्धा.

सिडकोवाला, यूके
आमच्याकडे व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेचे पैसे) असतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्याला वर्षाला १,०३५ पौंड, लहानाला ७७६, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितका सगळा आगाऊ. माझा कंपनीने भरला, बायको आणि दोन मुलांचे ३ वर्षांचे ७,७६१ पौंड मी भरले, पहिला पगार व्हायच्या आधी. एफडी मोडली. ऑफर घेताना "फॅमिलीचं कोण भरणार" हे लेखी विचारा, मी लाजलो होतो.

कॉलेजरोडची, अमेरिका
मी नाशिकला बँकेत होते. इकडे एच-४ वर (नोकरीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आले की नवऱ्याचं आय-१४० (ग्रीनकार्डसाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर होईपर्यंत साधारण कामाची परवानगीच नाही (तीही सोय २०१५ पासूनची). ५ वर्षं घरी बसले. माझा पगार, पीएफ, इन्क्रिमेंट हे आम्ही खर्चात धरलंच नव्हतं कारण ते "जात" नव्हतं, नुसतं येत नव्हतं. तुमची बायको टीचर आहे ना दादा, तिला तिकडे शिकवायचं तर मान्यता आणि भरपूर जर्मन लागेल. तिलाच इथे लिहायला सांगा.

परत आलेला, इंदिरानगर
दुबई, ७ वर्षं. पगारावर टॅक्स नाही हे खरं, पण भाड्याचे वर्षाचे चेक आधीच द्यायचे आणि मुलांच्या शाळेची फी बघून टॅक्स परवडला असं वाटायचं. ग्रॅच्युइटी बेसिकवर असते, पहिल्या ५ वर्षांना वर्षामागे २१ दिवसांचा पगार, आणि माझं बेसिक कंपनीने मुद्दाम कमी ठेवलेलं. तरी फ्लॅट झाला, खोटं कशाला बोलू.

देवळालीचे काका
मी न गेलेल्यांपैकी, मुलगा गेला. गेल्या पावसाळ्यात जिन्यात घसरलो, खुबा मोडला. शेजारच्याने रिक्षात घातलं. मुलगा तिसऱ्या दिवशी पोचला, त्याचा काही दोष नाही, तिकीट मिळेल तेव्हाच येणार ना. आता दिवसाच्या मावशी ठेवल्यात. तो दर रविवारी फोनवर त्याच्या बचतीचं सांगतो, मावशींचा पगार त्या हिशोबात नसतो, माझ्या पेन्शनमधून जातो. मी बोललो नाही त्याला. तू जा बाळा, पण हा रकाना आधी आखून जा.

सातपूरकर
आम्ही रद्द केलं. कारण सांगितलं थंडीचं, खरं कारण सासूबाई.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. बायको बिनपगारी रजेचे नियम काढून बसलीय, किती वर्षं मिळते त्यावर बरंच आहे. मुलीने जर्मनचं ॲप घेतलंय, ते दोन दिवस टिकलं. काकांचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, त्या मावशी महिन्याचे किती घेतात?