विषय: भाच्याला उन्हाळ्यात कॅनडात आणायचंय, बापाची सही लागते का?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण गावीच राहते, घाटंजी तालुक्यात. तिची फारकत होऊन तीन वर्षं झाली, कोर्टातून रीतसर, दोघांच्या संमतीनं. पोरगा नऊ वर्षांचा, तिच्याकडेच असतो. यंदा सुट्टीत दोघांना दीड-दोन महिने इकडे बोलवून राहिलो. तिचा पासपोर्ट आहे, पोराचा काढायचाय. गावात एक जण म्हणते बापाची सही नसली की विमानतळावरूनच परत पाठवतात, दुसरा म्हणते डिक्री, म्हणजे कोर्टाचा फारकतीचा हुकूम, दाखवली की काम संपलं. माजी जावई तसा वाईट माणूस नाही पण आमचं बोलणं बंद आहे. डिक्री मराठीत आहे, तिचं इंग्रजी मीच करून देतो म्हणतो, उगाच कोणाला कायले पैसे द्यायचे. कोणी यातून गेलं असेल तर सांगा बाप्पा.

– घाटंजीवाला

---

दादा, आधी ते भाषांतर थांबवा!

कॅनडाच्या व्हिसाला घरच्या माणसानं केलेलं भाषांतर चालत नाही, त्यात मामाही आला. बाहेरच्या भाषांतरकाराकडून करायचं, त्याचं प्रतिज्ञापत्र लावायचं आणि सोबत कोर्टाची सर्टिफाइड नक्कल. मोबाइलवर फोटो काढलेली डिक्री नाही, कोर्टाच्या नक्कल विभागातून शिक्क्यासकट काढलेली. तिला वेळ लागतो म्हणून ते काम आजच सुरू करायला सांगजा.

मी पुसदकडची. दोन वर्षांपूर्वी पोरीला घेऊन भावाकडे येऊन गेले, आता परत गावीच आहे, या मेल-लिस्टवर अजून आहे कारण तुमचे गणपतीच्या जेवणाचे वाद वाचायला मजा येते. तर माझा अनुभव असा की लोक पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडची बॉर्डर हे सगळं एकच समजून चालतात आणि तिथंच फसतात.

पासपोर्टला आई-बाप दोघं तयार असले तर अ‍ॅनेक्शर डी हा अर्जासोबत जोडायचा नमुना, त्यावर दोघांच्या सह्या. एकाची सही मिळत नसली तर अ‍ॅनेक्शर सी, त्यात ती सही का नाही ते आईनं लिहून द्यायचं. डिसेंबर २०१६ पासून हे साध्या कागदावर चालते, नोटरी लागत नाही, तरी आमच्या तहसीलसमोरच्या अर्जनवीसानं मला स्टॅम्पवर करायला लावून पैसे घेतलेच. नऊ वर्षांच्या पोराचा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघेल. हे सोपं आहे.

व्हिसाचं वेगळं. पोरगं एकाच पालकासोबत जात असलं की दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र मागतात, इंग्रजीत, त्यावर त्याचा पत्ता, फोन आणि सोबत त्याच्या सही असलेल्या ओळखपत्राची झेरॉक्स. आता गंमत पहा, आमच्या पोरीच्या बापाकडे पासपोर्ट नाही, तो आधार घेऊन आला, आणि आधारवर सही असतेच कुठे! शेवटी घरी जाऊन ट्रंकेतून पॅनकार्ड काढून आणलं, कापसाच्या कर्जासाठी काढलेलं, लॅमिनेशनच्या कडा सुटलेल्या. त्याच्यावर त्याची मराठीत सही, तशीच पत्रावर घेतली. तुमच्या पोराला बोटांचे ठसे द्यावे लागणार नाहीत, चौदाच्या आतल्यांना माफ आहे. बहिणीला लागतील.

आणि बॉर्डरवर कॅनडाचे ऑफिसर ते पत्र मागू शकतात, मागतीलच असं नाही. मला मागितलं. डिक्रीचं भाषांतर पण पाहिलं, पोरीला दोन प्रश्न विचारले, तिनं मामाचं नाव सांगितलं, झालं.

एक अजून, डिक्रीत पोराचं नाव जन्मदाखल्यासारखंच आहे का ते अक्षर न अक्षर पाहून घेजा. आमच्या डिक्रीत पोरीचं घरचं नाव पडलं होतं, जन्मदाखल्यावर दुसरं. वकिलानं सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज टाकला, चूक टायपिंगची म्हणून दुरुस्त झाली पण तारखा पडत पडत दोन महिने गेले आणि तिकीट बदलावं लागलं.

– पुसदवाली मावशी

---

घाटंजीवाले भाऊ, मी अमरावतीचा. एवढं कायले करून राहिले? अ‍ॅनेक्शर सी भरून टाका, पासपोर्ट घरी येईल, पोस्टमन आणून देईल. ज्या माणसानं संसार केला नाही त्याच्या दारात सहीसाठी जायचं का? ताबा आईकडे आहे ना, मग झालं तर.

– अमरावतीकर

---

अमरावतीकर, तुमचं रक्त गरम आहे ते ठीक, पण सी भरून पासपोर्ट निघाला म्हणजे पोराला बाहेर न्यायची परवानगी झाली असं नाही. पासपोर्ट ऑफिस कोर्टाचा हुकूम बदलत नाही. संमतीच्या डिक्रीत बहुतेक वेळा असं लिहिलेलं असते की ताबा आईकडे, बापाला महिन्याचे अमुक रविवार आणि सुट्टीतले काही दिवस. आता उन्हाळ्याचे दोन महिने पोरगं टोरंटोत, मग ते दिवस कुठे गेले? तो उद्या कोर्टात अर्ज घेऊन उभा राहिला तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचा हुकूम बदलून मागू शकतो. व्हिसालाही संमतीपत्र नाही म्हणून विचारणारच. सी ही ज्याचा पत्ताच नाही किंवा जो अडून बसला आहे त्याच्यासाठी, बोलणं बंद आहे म्हणून नाही.

आणि दारात जायचं म्हणाल तर मी गेले होते. दिवाळीनंतरचे दिवस, वेचणी सुरू होती, पोरीचा बाप बांधावर गाठोडी मोजत होता. मी पत्र दिलं, त्यानं दोनदा वाचलं, इंग्रजी फार येत नाही तरी वाचलं, आणि एकच विचारलं, परत येईल ना पोरगी? मला आधी राग आला. मग नागपूरच्या वकिलानं समजावून सांगितलं की एका पालकानं परदेशी नेऊन ठेवलेली पोरं परत पाठवायचा १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत नाही, कॅनडा आहे. कॅनडातून पोरीला उचलून इथं आणलं तर तिकडच्यांना त्या कराराचा उपयोग नाही, आणि इथून नेऊन तिकडेच ठेवलं तर इकडच्या बापालाही नाही. म्हणजे त्याची भीती काही खोटी नव्हती. मग मी पत्रातच जायची-यायची तारीख टाकली, भावाचा पत्ता आणि फोन टाकला, तिकिटाची झेरॉक्स लावली, आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असं मराठीत वेगळ्या कागदावर लिहून दिलं. त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला. सही पत्रावर केली.

आमच्याकडे एक बाई आहे, तिची सोडचिठ्ठी जातपंचायतीतली, स्टॅम्पवर पाच जणांच्या सह्या. तिला मी सांगितलं की बाई, तेवढ्या कागदानं पोराचा ताबा तुझ्याकडे आहे हे कॅनडावाल्यांना पटणार नाही, आधी कोर्टातून ताब्याचा हुकूम घे. तुमच्याकडे डिक्री आहे, तुमचं काम अर्धं झालं.

– पुसदवाली

---

मावशी, बहिणीला तुमचे दोन्ही मेल फोनवर वाचून दाखवले. कापसाच्या बांधावरचं ऐकून ती काही बोलली नाही. काल ती स्वतःच गेली, मला न सांगता. त्यानं सही केली. वरून विचारलं म्हणे की थंडी असते का तिकडे, पोराला स्वेटर आहे का. मे महिन्यात!

तुमच्या सांगण्यावरून डिक्री तपासली, पोराचं नाव बरोबर आहे. भाषांतर यवतमाळच्या एका भाषांतरकाराला दिलं. नकलेचा अर्ज टाकलाय. फक्त त्याच्या पॅनवर आडनाव आधी आहे आणि डिक्रीत शेवटी. आता हे चालते का?

– घाटंजीवाला

---

संमतीपत्रावर पॅनसारखंच लिहा आणि खाली एक ओळ टाका की डिक्रीतला अमुक तो मीच. त्याला परत गाठा, एवढ्यासाठी नाही म्हणणार नाही. आणि स्वेटर घ्या, माझी पोरगी जूनमध्ये सकाळी कुडकुडली होती.

– पुसदवाली