स्पीकर ऐकतो तर ऐकू दे?

निशाचर: "लपवण्यासारखं काही नसेल तर स्मार्ट स्पीकरला घाबरायचं कशाला" ही पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. घरात कोण आजारी, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे लपवण्यासारखं नसेल पण परक्याला सांगण्यासारखंही नाही ना! ॲमेझॉनच्या अलेक्साची रेकॉर्डिंग्ज माणसं बसून ऐकतात हे २०१९ मध्येच बाहेर आलं, सिरी आणि गूगलचंही त्याच वर्षी निघालं. अलेक्साच्या काही इको स्पीकरांवर आवाज क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, न पाठवायची सोय होती, मार्च २०२५ मध्ये तीही काढली.

राउटरवाला: स्पीकर सतत सगळं पाठवतो असं लोक म्हणतात, ते साफ चूक आहे. हाक मारायचा शब्द तो स्वतःच्या डब्यातच ओळखतो, पुढचंच बाहेर जातं. माझे वडील अर्धांगवायूनंतर अंथरुणावरच आहेत. रात्री पंखा बंद करायला आता ते मला उठवत नाहीत, स्वतः सांगतात. दर वेळी मुलाला हाक मारावी लागत नाही, ही पण प्रायव्हसीच आहे.

निशाचर: वडिलांचं मान्य, त्यावर वाद नाही. पण स्पीकर हाक न मारताच चुकून जागा होतो तेव्हाचं काय?

मृ_२: कंपनीचं राहू द्या, घरातल्यांचं बोला. भावाने "सेफ्टीसाठी" आईच्या खोलीत कॅमेरा लावलाय. कपडे बदलताना ती त्यावर टॉवेल टाकते, दोन मिनिटांत त्याचा फोन, टॉवेल का टाकलास. माझ्याशी बोलायचं तर नळ सोडून बोलते!! स्वतःच्या घरात!

दूरदेशी: लांब राहणाऱ्या मुलांना नावं ठेवणं सोपं असतं. माझी आई पडली आणि चार तास तशीच जमिनीवर होती, शेजाऱ्यांना संध्याकाळी कळलं. त्यानंतर कॅमेरा लावला. तुमच्यावर वेळ आली नाही म्हणून बोलताय.

मृ_२: वेळ आली नाही हे तुम्हाला काय माहीत? कुठे पडली होती?

दूरदेशी: बाथरूममध्ये.

मृ_२: मग कॅमेरा कुठाय? हॉलमध्ये ना? पडल्यावर दाबायचं गळ्यातलं बटण मिळतं, ते दिलं का? तुम्हाला दिवसभर आई दिसायला हवी आहे, तिला काय हवंय ते विचारलंच नाहीये.

निशाचर: आणि ते फुटेज फक्त मुलगाच बघतो कशावरून? रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधले हजारो व्हिडिओ बघितले, असा ठपका अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये ठेवला. प्रकरण ५८ लाख डॉलर देऊन मिटलं, त्या बायकांचं काय मिटलं?

राउटरवाला: म्हणून मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा घ्या, क्लाउड बंद करा, पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले, कोणी न बदललेले पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे-राउटर ताब्यात घेतले होते.

मृ_२: दादा, कार्ड असो की क्लाउड, टॉवेल का टाकलास हा फोन येणारच आहे.

दूरदेशी: आत्ता आईला फोन केला. म्हणाली, रात्री राहू दे, दिवसा बंद कर, मला कॅमेऱ्याचा दिवा पेटलेला दिसला की जेवण जात नाही. दोन वर्षांत हे कधी बोलली नव्हती. टायमर लावतोय. काढणार मात्र नाही, आणि तुमचं सगळं पटलंय असंही समजू नका.

मृ_२: बटणाचं पण विचारा तिला.