अनुभव धागा: सरकार भाड्याला हातभार लावतं, तेव्हा पैसे कुणाच्या पदरात पडतात?

भाडेकरूला सरकारने पैसे दिले की ते शेवटी घरमालकाच्याच खिशात जातात, असं बरेच जण ठामपणे सांगतात. त्यात तथ्य नाही असं नाही. घरं तेवढीच राहिली आणि भाडेकरूंच्या हातात चार पैसे जास्त आले, तर भाडी चढणारच. अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल फॅक यांनी फ्रान्समधल्या अनुदानाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अनुदानातल्या प्रत्येक जादा युरोमागे ७८ सेंट भाडेवाढीत गेल्याचं दिसलं. पण अमेरिकेत १९७०च्या दशकात ग्रीन बे आणि साउथ बेंड या शहरांच्या परिसरात पात्र असलेल्या सगळ्यांना भत्ता खुला करून पाहिला होता, तेव्हा भाडी फारशी हलली नाहीत.

म्हणजे पुस्तकी उत्तर एकच नाही. मला स्वतःला वाटतं की अनुदान हवंच, फक्त ते कशा पद्धतीने दिलं जातं यावर सगळं ठरतं. म्हणून हा धागा. अनुदानावर राहिलेले, अशा भाडेकरूंना घर दिलेले, या कामात नोकरी केलेले आणि अनुदान न मिळता त्याच बाजारात घर शोधणारे, सगळ्यांनी लिहा. पैसे कुणाच्या खात्यात जायचे आणि भाडं वाढलं तेव्हा काय झालं, हे आवर्जून सांगा. मालकांची, कार्यालयांची नावं नकोत.

डब्लिन, भाडेकरू

मी आणि माझी मुलगी 'हॅप'वर राहतो. हाऊसिंग असिस्टन्स पेमेंट, २०१४ पासून सुरू झालेली योजना. कौन्सिल (इथली पालिका) घरमालकाला थेट भाडं देते आणि मी माझ्या उत्पन्नाच्या हिशेबाने कौन्सिलला पैसे भरते. ऐकायला छान आहे. पण कौन्सिल किती भाडं देणार याची कमाल मर्यादा असते आणि बाजार त्याच्या कितीतरी पुढे गेलाय. मधला फरक मी मालकाला वेगळा देते. याला टॉप-अप म्हणतात, आणि तो कायदेशीर आहे. माझ्या पगारातला सगळ्यात मोठा खर्च कुठला विचाराल तर तोच.

२०२२ मध्ये मर्यादेच्या वर ३५ टक्क्यांपर्यंत जादा देण्याची मुभा कौन्सिलांना मिळाली. आधी ती २० टक्के होती. मी अर्ज केला, मंजूर झाला आणि माझा टॉप-अप खरोखर कमी झाला. हे पैसे मालकाकडे का गेले नाहीत? कारण आमचा भाग तेव्हा भाडेनियंत्रणाखाली होता, चालू भाडं वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायला बंदी होती. तो नियम नसता तर भाडेवाढीचं पत्र माझ्या मंजुरीच्या आधी आलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

ज्यांना नव्याने घर शोधायचंय त्यांचे हाल वेगळे. हॅपवाल्यांना त्या कारणाने नाकारणं २०१६ पासून बेकायदेशीर आहे, त्यामुळे तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. ईमेलमध्ये हॅपचा उल्लेख केला की उत्तरच येत नाही. आणि एक गोष्ट मनाला फार लागते: हॅप मिळालं की सरकारी घरांच्या मुख्य यादीतून तुमचं नाव काढून बदलीच्या यादीत टाकतात. तुमची घराची गरज भागली, असं धरून चालतात. उद्या मालकाने घर विकायला काढलं तर?

ग्रेनोबल, विद्यार्थी होतो

फॅक यांचा आकडा वाचून मला माझी घरमालकीण आठवली. अठरा चौरस मीटरची खोली, खिडकीखाली रेडिएटर, कोपऱ्यात दोन हॉटप्लेट. बाईंनी खोली दाखवली आणि भाडं सांगायच्या आधी विचारलं, "एपीएलचा अर्ज करणार ना?" एपीएल म्हणजे इथलं सरकारी भाडे-अनुदान. मग कागदावर तीन ओळी लिहिल्या: भाडं, त्याखाली अंदाजे एपीएल, त्याखाली वजा जाता उरलेली रक्कम. शेवटच्या रकमेभोवती गोल केला आणि म्हणाल्या, तुला एवढंच पडणार आहे. घासाघीस करायला जागाच उरली नाही, कारण माझ्याही डोक्यात तोच गोलातला आकडा राहिला.

पहिल्या महिन्याचं अनुदान मिळत नाही, हक्क पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं. नवीन येणाऱ्यांनी तेवढे पैसे जवळ ठेवावेत. अर्जाचे कागद पुरे होईपर्यंत आणखी उशीर होतो, नंतर थकबाकी मिळते.

तरी एक सांगायला हवं. एपीएलच्या हिशेबात भाड्याला कमाल मर्यादा आहे आणि बहुतेक खोल्यांची भाडी तिच्या वर असतात. म्हणजे मालकाने आज भाडं वाढवलं म्हणून माझं अनुदान वाढत नाही, वाढीव भार माझाच. अनुदान आधीच भाड्यात मुरलेलं असतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने महिन्याला ५ युरो कापले तेव्हा राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी घरमालकांना भाडंही ५ युरोंनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं. माझ्या ओळखीत कुणाचंच भाडं कमी झालं नाही.

कोलंबस, ओहायो, घरमालक

दुसरी बाजू मांडतो. आमच्या दुमजली घराचा खालचा भाग आम्ही सेक्शन ८ व्हाउचरवर, म्हणजे सरकारी भाडे-मदतीवर दिलाय. इथे भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, उरलेलं स्थानिक हाऊसिंग ऑथॉरिटी थेट माझ्या खात्यात टाकते. मला फायदा आहे, आणि तो मी नाकारत नाही. २०२० मध्ये लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ओळखीच्या घरमालकांची भाडी थकली, माझ्याकडे मात्र ऑथॉरिटीचा वाटा दर महिन्याला येत राहिला. माझ्या भाडेकरूचे कामाचे तास कमी झाले, तेव्हा तिचा वाटा कमी झाला आणि सरकारचा वाढला. ती घरात राहिली, मला हप्ता भरता आला. इथे कुणाचं नुकसान करून कुणाचा फायदा झाला, ते मला तरी सांगता येणार नाही.

"मालक वाटेल ते भाडं लावतो" हे व्हाउचरच्या बाबतीत खरं नाही. आसपासच्या विनाअनुदान घरांशी तुलना करून भाडं वाजवी आहे का ते तपासतात. वरून गुपचूप पैसे घेणं बेकायदेशीर आहे. आणि भाडेकरू आत येण्याआधी तपासणी होते. आमच्याकडे आलेल्या बाईंनी शेगडीचा प्रत्येक बर्नर पेटवून पाहिला, स्मोक डिटेक्टरची बटणं दाबली, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या आणि मागच्या पायरीवरचा उडालेला रंग बघून घर नापास केलं. घर १९७८ च्या आधीचं, त्यामुळे रंगात शिसं असू शकतं, आणि येणाऱ्या कुटुंबात दोन वर्षांचं बाळ होतं. रंग नीट खरवडून नव्याने देईपर्यंत घर रिकामं राहिलं, तेवढ्या दिवसांचं भाडं बुडालं. तेव्हा चडफडलो. पण बाळ त्या पायरीवर बसायचं, हे नंतर रोज दिसायचं.

*धागाकर्ती: ही तपासणीची बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. भाडं तेच राहून घर सुधारलं, तर तो फायदा भाडेकरूचाच धरायला हवा. सविस्तर लिहिल्याबद्दल आभार.*

डॅलस, व्हाउचर विभागात काम केलं

वरच्या काकांचं बरोबर आहे, पण 'वाजवी भाडं' म्हणजे काय यात मोठी मेख आहे. आधी आमच्या सगळ्या महानगर भागाला एकच कमाल रक्कम लागू होती. चांगल्या शाळांच्या भागात ती पुरायची नाही. स्वस्त भागात ती बाजारापेक्षा जास्त पडायची. मग व्हाउचरवाली कुटुंबं स्वस्त भागातच गोळा व्हायची आणि तिथले मालक अगदी त्या मर्यादेला टेकेल असं भाडं मागायचे. तुलनेसाठी दाखवायला शेजारची घरं असायचीच. ही उघडउघड मालकांची चांदी होती, असं माझं मत आहे.

२०११ मध्ये पिनकोडनुसार रक्कम ठरू लागली. महाग भागाला जास्त, स्वस्त भागाला कमी. कॉलिन्सन आणि गॅनाँग या अर्थतज्ज्ञांनी याचाच अभ्यास केलाय. सरसकट रक्कम वाढवली तर ती बरीचशी भाड्यात जाते आणि घराचा दर्जा फारसा सुधारत नाही. पिनकोडनुसार केली तेव्हा मात्र सरकारचा एकूण खर्च न वाढता कुटुंबं चांगल्या वस्त्यांत गेली. पैसे तेवढेच, वाटायची पद्धत वेगळी. सरकारी नियमाने इतका फरक पडताना मी तरी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

पण टेक्सासमध्ये मालक 'व्हाउचर चालणार नाही' असं उघड सांगू शकतो. शहरांनी त्यावर बंदी आणू नये असा राज्याचा कायदाच २०१५ मध्ये झाला. व्हाउचर हातात पडलं की घर शोधायला सुरुवातीला किमान ६० दिवस मिळतात. वर्षानुवर्षं यादीत थांबलेल्या आजी मुदत संपली म्हणून कागद परत द्यायला यायच्या, तेव्हा काउंटरच्या अलीकडे बसणं नकोसं व्हायचं. आणि पात्र कुटुंबांपैकी चारातल्या एकालाच मदत मिळते. उरलेली तीन त्याच बाजारात पदरचं भाडं भरतात.

लंडन, वय २९

थोडक्यात लिहितो. इथे एकट्या माणसाला ३५ वर्षांपर्यंत साधारणपणे सामायिक घरातल्या एका खोलीपुरतंच अनुदान मिळतं. २०१२ च्या आधी ही अट २५ वर्षांपर्यंत होती. २०११ मध्ये अनुदानाची मर्यादा त्या भागातल्या मधल्या भाड्यावरून सगळ्यात स्वस्त ३० टक्के घरांच्या पातळीवर आणली. अनुदान कमी केलं की भाडी उतरतील, असा तेव्हा युक्तिवाद होता. भाडी उतरली नाहीत, बोजा जवळजवळ सगळा भाडेकरूंवर आला. अनुदान मालकांनाच जातं असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

लेस्टर, नर्स, अनुदान मिळत नाही

डॅलसच्या ताईंनी लिहिलेल्या 'उरलेल्या तिघां'पैकी मी. माझ्या व्हिसावर सरकारी निधीचा हक्क नाही असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मी कर भरते, पण भाड्याला मदत मागू शकत नाही. आणि मी शोधते ती घरं तीच, मर्यादेच्या आसपासची. एजंट सरळ सांगतो की या गल्लीत यापेक्षा कमी कुणी घेणार नाही.

तरी शेजारणीचा राग येत नाही. ती अनुदानावर आहे, तिची तिन्ही मुलं एकाच शाळेत टिकली ती त्याच्या जोरावर. मला राग येतो तो मर्यादा वर्षानुवर्षं गोठवून ठेवण्याचा. २०१६ ते २०२० गोठवली, मग वाढवली, मग पुन्हा २०२४ पर्यंत गोठवली. त्या काळात शेजारीण फरकाचे पैसे मुलांच्या खर्चातून काढायची आणि मी जादा पाळ्या करायचे. मालक तोच होता.

आता त्याला घर परत हवंय, म्हणून मी पुन्हा शोधतेय. एजंट यूकेत स्वतःचं घर असलेला हमीदार मागतो. माझ्याकडे तसा कुणी नाही. या व्हिसावर हमीदाराशिवाय घर मिळालेलं कुणी इथे असेल तर कसं जमवलं ते कृपया लिहा.